खाजे, गूळ आणि घाटवाट : पेडणे-डिचोलीच्या जत्राबाजाराचा इतिहास

गोव्यात जत्रेहून परतणारा माणूस रित्या हाताने घरी येत नाही. देवदर्शन झाले, दशावतार पाहून झाला, आप्तेष्टांच्या गाठीभेटी झाल्या, म्हणजे परतीच्या वाटेवर तो खाजेकाराच्या मांडवापाशी थांबतो आणि खाज्याचा एक पुडा बांधून घेतो. बेसनाच्या बोटभर कांड्या, वर गुळाचा जाडसर थर, त्यात आल्याचा तिखटपणा आणि मधूनच दाताखाली येणारा तीळ, असे ह्या पदार्थाचे स्वरूप आहे. शहरी हलवायाच्या दुकानातील दुधातुपाच्या मिठाईपुढे तो साधा, किंबहुना ओबडधोबड वाटतो. तथापि ह्या ओबडधोबड खाऊच्या मागे व्यापाराचा, राजकीय सीमांचा आणि अनेक कष्टकरी कुटुंबांच्या उपजीविकेचा मोठा इतिहास उभा आहे. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांच्या आधारे त्या इतिहासाचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम नावाविषयी थोडेसे. संस्कृत 'खाद्य', प्राकृत 'खज्ज' आणि त्यावरून 'खाजे' अशी ह्या शब्दाची परंपरा आहे. त्यामुळे भारताच्या निरनिराळ्या भागांत ह्याच नावाने निरनिराळे पदार्थ ओळखले जातात. बिहारमधील सिलाव येथील खाजा हा मैद्याच्या पापुद्र्यांचा असतो. पुरीच्या जगन्नाथाच्या प्रसादातील खाजाही पापुद्र्यांचाच. आंध्रातील तापेश्वरमचा काजा पाकात मुरवलेला असतो. गोव्यातील आणि मालवणातील खाजे ह्या सर्वांहून वेगळे. त्यात मैदा नाही, दूध नाही, तूप नाही. हरभऱ्याचे पीठ, तेल, गूळ अथवा साखर, आले आणि तीळ एवढ्यावरच त्याचे सर्व वैभव आहे. सामान्य कुळाच्या व मजुराच्या खिशाला परवडेल असा हा खाऊ होता, आणि म्हणूनच तो जत्रेचा खाऊ झाला.

त्याची कृती वाटते तितकी सोपी मात्र नाही. मिठाच्या पाण्यात बेसन घट्ट मळावयाचे, त्याच्या कांड्या पाडून त्या तेलात खरपूस तळावयाच्या, आणि मग गुळाच्या उकळत्या पाकात आले घालून त्यात त्या परताव्यात, एवढी ती कृती. परंतु सगळे कसब पाकाच्या क्षणात असते. पाक कच्चा राहिला तर कांड्या एकमेकींस चिकटून त्यांचा गोळा होतो. पाक अधिक झाला तर त्याचा काचेसारखा थर होऊन तो दाताने फुटत नाही. पाक नेमका धरला आणि कढईत हात अखंड चालता ठेवला, तर गूळ कांडीवर रवाळ होऊन सुकतो. ह्यामागे साधे शास्त्र आहे. पांढऱ्या साखरेत शुद्ध शर्करेचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक असल्याने ती झटकन स्फटिकरूप धारण करते. गुळात त्याशिवाय द्राक्षशर्करा, फलशर्करा, क्षार आणि पाणी असते. हे घटक हवेतील ओलावा ओढून घेतात. म्हणून गुळाचे खाजे कोकणच्या दमट हवेत टिकवावयाचे तर गूळ चांगल्या प्रतीचा, रवाळ आणि कोरडा लागतो. असा गूळ कोठून येतो, ह्या प्रश्नापासूनच ह्या धंद्याचा खरा इतिहास सुरू होतो.

गोव्याचा स्वतःचा गूळ म्हणजे माडाचा गूळ. रेंदेर माडावर चढून सुर काढतो, ती आटवून काळसर रंगाच्या ढेपी तयार होतात. दोदोलसारख्या पदार्थांत आणि दिवाळीच्या गोड पोह्यांत ह्या गुळाची चव अपरिहार्य मानली जाते. पावसाळ्यापूर्वी घरात बेगमी भरण्याची जी गोमंतकीय रीत, तिला 'पुरुमेत' म्हणतात. त्या बेगमीतही हा गूळ असे. परंतु तो मऊ आणि ओलावा धरणारा. कांडीवर कोरडा थर बसविण्याच्या कामी उसाचा गूळ किंवा साखरच हवी. मोठ्या प्रमाणावर ऊस पिकविणारी जमीन मात्र गोव्याच्या किनारपट्टीत नव्हती. ती सह्याद्रीच्या पलीकडे, बेळगाव आणि कोल्हापूर ह्या मुलुखांत होती.

साखर गोव्याच्या परिसराला पोर्तुगिजांनी दाखविली, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी इटालियन प्रवासी वार्थेमा ह्याने गोव्याच्या दक्षिणेस असलेल्या भटकळ बंदराचे वर्णन करताना तेथील विपुल तांदूळ आणि विपुल साखर ह्यांचा उल्लेख केला आहे. 'शर्करा' ह्या संस्कृत शब्दावरूनच फारसी आणि अरबी मार्गाने पोर्तुगीज भाषेतील साखरेचे नाव बनले; आणि इंग्रजीतील 'जॅगरी' हा गुळाचा शब्ददेखील दक्षिण भारतातील भाषांतून पोर्तुगिजांच्या तोंडी बसून मग इंग्रजांकडे गेलेला आहे. पोर्तुगिजांनी जे आणले ते साखर वापरण्याचे एक निराळे वळण. मदैरा बेटावर आणि पुढे ब्राझीलमध्ये उसाचे मळे उभारून त्यांनी युरोपात साखरेचा पुरवठा वाढविला होता. पोर्तुगालच्या मठांतून अंडी आणि साखर ह्यांच्या पक्वान्नांची जी परंपरा होती, ती जुन्या गोव्यातही रुजली. १६०६ साली तेथे स्त्रियांसाठी सांता मोनिका हा मठ स्थापन झाला. १५८३ ते १५८८ ह्या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्होटेन ह्याने धनिकांच्या घरच्या दासी फळांचे मुरंबे व मिठाया विकावयास रस्तोरस्ती फिरत, असे नोंदवून ठेविले आहे. नारळाचा रस, अंडी आणि साखर ह्यांच्या थरांचे बिबिक हे ह्या मिश्र परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध अपत्य होय.

येथे गोव्याच्या मिठाईचे दोन प्रवाह स्पष्ट दिसू लागतात. एक प्रवाह जुन्या काबिजादीचा, म्हणजे तिसवाडी, बारदेस आणि सासष्टी ह्या तालुक्यांचा. त्याची मिठाई घरात बनते, नाताळाला आणि लग्नाला बनते, आणि नारळ व साखर ह्यांवर उभी असते. दुसरा प्रवाह नव्या काबिजादीचा. त्याची मिठाई उघड्यावर, मांडवाखाली बनते आणि बाजारात विकली जाते. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके ह्या दुसऱ्या प्रवाहातले. ह्याचे कारण राजकीय आहे.

हे दोन्ही मुलूख सावंतवाडीच्या भोसल्यांच्या अमलाखाली होते. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने पेडणे महालातील हळर्णचा किल्ला जिंकला आणि त्यावरून त्याला आलोर्णचा मार्किस हा किताब मिळाला. परंतु हा मुलूख कायमचा हाती येण्यास आणखी चार दशके लागली. डिचोली १७८१ साली पोर्तुगिजांकडे गेली. पेडणे १७८८ च्या तहाने गेले. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात मदत मिळावी म्हणून सावंतांनी ते सोडून दिले. तोपर्यंत जुन्या काबिजादीतील देवळे पाडली जाऊन दोन शतके उलटली होती, आणि तेथील कित्येक देव नदी ओलांडून ह्याच बाजूस आश्रयाला आले होते. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर डिचोलीतील नार्वे येथे आला व १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. नव्या काबिजादीत धर्माचारांना हात लावावयाचा नाही, असे धोरण पोर्तुगिजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पत्करले. त्यामुळे येथील देवळे राहिली, जत्रा राहिल्या, आणि जत्रांबरोबर त्यांचा बाजारही राहिला.

जत्रा ही त्या काळी केवळ देवाची नव्हती. ज्या मुलखात आठवड्याचा बाजार दूर आणि नद्या ओलांडावयास होड्या, तेथे वर्षातून एकदा भरणारी जत्रा हीच मोठी पेठ असे. कोजागरी पौर्णिमेला पेडण्याची पुनव भरते. तेथपासून हंगाम सुरू होतो. कार्तिक ते चैत्र गावोगाव कालोत्सव व जत्रा चालतात. वैशाख शुद्ध पंचमीला डिचोली तालुक्यातील शिरगावी श्रीलईराईची जत्रा भरते. तेथे हजारो धोंड अग्निदिव्य करतात. त्यानंतर पावसाळा जवळ येतो आणि मांडव उठतात. म्हणजे खाजेकाराचे वर्ष हे सात-आठ महिन्यांचे. ह्या महिन्यांत तो आज ह्या गावी तर उद्या त्या गावी असा कुटुंबासह फिरतो. उरलेल्या महिन्यांत त्याची कढई थंड असते. दमट हवेत खाजे सुटे राहत नाही, आणि देवही बाहेर निघत नाही. निसर्गाचे आणि धर्माचे वेळापत्रक येथे असे एकत्र जुळले आहे.

ह्या फिरत्या धंद्याचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. जो खाजेकार देवाच्या जत्रेत मांडव घालतो, तोच चर्चच्या फेस्तालाही घालतो. म्हापशाचे मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी होते, तेथेही खाजे, चणे आणि लाडू ह्यांच्या राशी लागतात. ह्या खाऊत अंडे नाही, लोणी नाही, उपासाला अथवा सोवळ्याला बाधेल असे फारसे काही नाही. हिंदू आणि ख्रिस्ती गिऱ्हाईक एकाच मांडवापुढे उभे राहून एकाच कढईतले खाजे घेतात. घरच्या पक्वान्नांत गोव्याचे दोन प्रवाह वेगळे राहिले. बाजारच्या खाऊत ते एक झाले.

आता पुन्हा गुळाकडे वळू. बेळगावकडून रामघाटाने दोडामार्गाला आणि तेथून डिचोलीला येणारी वाट ही बैलांच्या तांड्यांची जुनी वाट होती. घाटावरून धान्य, डाळी आणि गूळ खाली येई. वर जाताना मीठ, नारळ, सुपारी आणि सुके मासे जात. १७८८ नंतर पेडणे आणि सावंतवाडी ह्यांच्यामध्ये परराज्याची सीमा पडली खरी. परंतु सोयरिकी, देवस्थाने आणि बाजार ह्यांनी ती कधी मनावर घेतली नाही. कोल्हापूर संस्थानात १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली, आणि कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर गेले. कोकणच्या आणि गोव्याच्या खाजेकाराला ज्या रवाळ गुळाची गरज होती, तो ह्याच टापूत तयार होत होता.

ह्याच सुमारास साखरेनेही आपले रूप बदलले. मराठीत पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणण्याचा प्रघात होता. मॉरिशस बेटाच्या नावावरून हा शब्द आला आहे. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसची साखर मुंबई बंदरात उतरू लागली, तिच्यापूर्वी चिनी साखर येत असे आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जावाची साखर आली. ज्या देशाने जगाला साखरेचे नाव दिले, तो देश परदेशची साखर खाऊ लागला होता. गोव्यातही दळणवळणाचे नवे युग सुरू झाले. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे ब्रिटन आणि पोर्तुगाल ह्यांच्यात तह झाला. त्याने ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा ह्यांची जकात एक झाली आणि मुरगाव बंदरापासून घाटापर्यंत लोहमार्ग बांधण्याचे ठरले. १८८८ साली तो मार्ग कॅसलरॉक येथे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रेल्वेला जोडला गेला. तहाची बारा वर्षांची मुदत संपल्यावर १८९२ साली जकातीचे ऐक्य संपुष्टात आले. लोहमार्ग मात्र राहिला. पुढे १९३२ साली हिंदुस्थानात साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, आणि तीसच्या आसपास असलेल्या साखर कारखान्यांची संख्या अवघ्या चार-पाच वर्षांत शंभरावर गेली. जावाची साखर मागे हटली. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाल्यावर महाराष्ट्र हा साखरेचा प्रांतच झाला.

परंतु त्याच दशकात गोव्याची सीमा मिटली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या हद्दीत शिरल्या. पेडणे तालुक्याच्या टोकाला असलेल्या पत्रादेवी येथे पोर्तुगीज सैनिकांनी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नेलसिंग बेनिपाल तेथेच हुतात्मा झाले. त्यानंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. पोर्तुगीज सरकारने समुद्रमार्गे माल आणून तूट भरून काढली. बटाटे हॉलंडहून, तांदूळ आणि भाजीपाला पाकिस्तानातून, चहा सिलोनहून येऊ लागला. लोखंडाच्या खनिजाची निर्यात वाढत होती, त्यामुळे सरकारला परकीय चलनाची वाण नव्हती. आता पेडण्याच्या अथवा डिचोलीच्या खाजेकाराच्या दृष्टीने ह्याचा अर्थ पाहा. त्याचा हरभरा घाटावरचा, गूळ घाटावरचा, आणि गिऱ्हाइकांपैकी कित्येकांचे सोयरे सीमेपलीकडच्या बांद्याचे व सावंतवाडीचे. दीडशे वर्षे जी सीमा कागदावर होती, ती ह्या सहा वर्षांत प्रथमच त्याच्या कढईपर्यंत येऊन पोहोचली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि घाटवाटा पुन्हा मोकळ्या झाल्या.

मुक्तीनंतर गोवा भारताच्या एका विशाल बाजारपेठेचा भाग झाला. हा लाभ मोठा होता. परंतु त्याबरोबर एक नवी स्पर्धाही आली. मुंबईजवळ पार्ल्याला १९२९ साली पार्ले कंपनीने गोळ्यांच्या उत्पादनाने आपला प्रारंभ केला होता. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे १९३३ साली वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रेरणेने साखर कारखाना निघाला आणि १९४२ पासून तेथे गोळ्या बनू लागल्या. कागदात गुंडाळलेली, वर्षभर मिळणारी, पावसाळ्यातही न चिकटणारी ही गोळी गावच्या दुकानातील बरणीत जाऊन बसली. जत्रेची वाट पाहण्याचे मुलांना कारण उरले नाही. १९९४ नंतर परदेशी कंपन्यांचे च्युइंग गम व टॉफी आले. तेव्हा स्वतः रावळगावसारख्या जुन्या नावालाही टिकाव धरणे कठीण झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या कंपनीच्या गोळ्यांची नावे, पाककृती व हक्क २७ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाकडे गेले. ज्या गोळीने खाज्याचे गिऱ्हाईक नेले, तिचेही गिऱ्हाईक तिच्याहून बलाढ्य व्यापाऱ्याने नेले. मोठ्या जाहिराती, मोठे वितरण आणि एक-दोन रुपयांची किंमत ह्या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी, त्याच्यापाशी आज गोड खाऊचा बाजार आहे.

अशा काळात खाजे टिकले कसे? ह्याचे उत्तर त्याच्या विक्रीच्या जागेत आहे. खाजे दुकानातल्या बरणीशी झुंजले नाही; त्याने जत्रेचे मैदान सोडले नाही. जत्रेचे खाजे हा खाऊ तर आहेच, शिवाय तो प्रसादासारखा शेजारीपाजारी वाटावयाचा पदार्थ आहे. गोळी कोणी शेजाऱ्याला जत्रेची म्हणून देत नाही. परंतु ह्या आश्रयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याचा सारा धंदा गर्दीवर, त्याला गर्दी हटली की दुसरा आधार नसतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद झाल्या, तेव्हा ट्रकवाल्यांपासून मजुरांपर्यंत सर्वांचे हात आखडले. अशा वेळी चैनीचा खर्च आधी कमी होतो. त्यानंतर २०२० साली महामारी आली. जत्रा आणि फेस्ते धार्मिक विधींपुरती उरली, मांडव लागले नाहीत. वर्षाचे सात-आठ महिने कमावून उरलेले महिने काढणाऱ्या कुटुंबाचा कमावण्याचा हंगामच नाहीसा झाला.

योगायोग असा की, ज्या वर्षी मांडव उठले त्याच २०२० साली 'गोवन खाजे' ह्या नावाला भौगोलिक निर्देशांकाची सरकारी मान्यता मिळाली. त्याच वर्षी पेडणे तालुक्यातील हरमलच्या मिरचीला आणि मयड्याच्या केळ्यालाही ती मिळाली. गोव्यातून हा मान सर्वप्रथम २००९ साली काजूच्या फेणीला मिळाला होता. बिबिकाला तो २०२३ साली मिळाला. म्हणजे मठांच्या आणि श्रीमंत घरांच्या बिबिकापेक्षा जत्रेतील खाजे कायद्याच्या दरबारात तीन वर्षे आधी पोहोचले. ह्यात एक प्रकारचा न्याय आहे.

मात्र ह्या मान्यतेने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे नीट समजून घेणे अवश्य आहे. १९९९ साली संमत झालेला आणि २००३ पासून अमलात आलेला हा कायदा एखाद्या नावाचे संरक्षण करतो. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते, ती पुढे वाढवून घेता येते. आणि नाव अधिकृतपणे वापरू इच्छिणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने आपली स्वतंत्र नोंद करावयाची असते. परराज्यातील एखाद्या कारखान्याने यंत्रावर कांड्या पाडून त्या 'गोवन खाजे' म्हणून विकल्या, तर त्याला अडविण्याचे शस्त्र ह्या कायद्याने दिले आहे. परंतु शस्त्र हाती असणे वेगळे आणि ते चालविण्याचे बळ असणे वेगळे. वकिलाचा खर्च, नोंदणीचे कागद, वेष्टनावरील मजकूर, अन्नसुरक्षेचा परवाना ही सर्व कामे त्या माणसाने करावयाची आहेत, जो रात्री जत्रेत उभा असतो आणि दिवसा कढईपुढे. शिवाय कायदा हरभऱ्याचा भाव ठरवीत नाही, गुळाचाही ठरवीत नाही, आणि जत्रेतील जागेचे भाडेही कमी करीत नाही.

गुळाच्या बाबतीत गोव्याने एक प्रयत्न केला होता, तोही येथे सांगितला पाहिजे. मुक्तीनंतर राज्यात ऊस लावण्यास उत्तेजन देण्यात आले आणि धारबांदोडा येथे संजीवनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गोव्यातील तो एकमेव साखर कारखाना. २०१९-२० च्या हंगामापासून त्याचे गाळप बंद पडले. त्यामुळे गोमंतकीय म्हणून सरकारी शिक्का मिळालेल्या ह्या पदार्थाचा हरभरा आणि गूळ आज पूर्वीप्रमाणेच बहुतांशी सीमेबाहेरून येतो. ह्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. खाज्याचे गोवेपण त्याच्या कच्च्या मालात कधीच नव्हते. ते हातांत, पाकाच्या अंदाजात आणि जत्रांच्या मालिकेत आहे. म्हणूनच हात गेले तर कायद्याने राखलेले नाव रिकामे राहील.

ह्या संदर्भात युरोपातील एक उदाहरण मननीय आहे. जर्मनीतील न्युरेंबर्ग शहराची आले-मसाल्याची गोड पोळी, 'लेबकुखेन', ही मध्ययुगापासून तेथील नाताळच्या बाजाराशी निगडित आहे. मसाल्याच्या व्यापारमार्गांवर वसलेले हे शहर. घटक दूरदेशींचे, कसब गावचे. १९९६ साली युरोपीय कायद्याने त्या नावाला संरक्षण मिळाले. शहराच्या हद्दीबाहेर बनलेल्या पोळीला ते नाव लावता येत नाही. तेथे नावामागे कारागिरांची शतकानुशतकांची संघटना होती, प्रतीचे ठरलेले नियम होते, आणि दूरवर माल पाठविण्याची व्यवस्था होती. तेथे कायदा आला तेव्हा त्याला धरावयास खांदे तयार होते. आपल्याकडे नाव आधी मिळाले आहे. खांदे अजून तयार व्हावयाचे आहेत.

आणखी एक नाजूक प्रश्न सीमेचा आहे. तेरेखोल नदीच्या अलीकडचे खाजे आज 'गोवन' म्हणून संरक्षित आहे. नदीपलीकडे, सावंतवाडी, मालवण आणि देवगड तालुक्यांत, आंगणेवाडीच्या आणि कुणकेश्वरच्या जत्रेत विकले जाणारे मालवणी खाजे त्याचे सख्खे भावंड आहे. १७८८ पूर्वी पेडणे आणि सावंतवाडी हा एकच मुलूख होता. एका तहाने जी रेषा ओढली, तिच्यावर आता पदार्थाच्या नावाचीही पाटी लागली आहे. कायदा 'गोवन' ह्या विशेषणाचे रक्षण करतो, 'खाजे' ह्या सर्वसाधारण नावावर कोणाची मालकी सांगत नाही. तेव्हा ह्यातून कलह निघण्याचे कारण नाही. उलट दोन्ही बाजूंच्या कारागिरांनी प्रतीच्या कसोट्या, कच्च्या मालाची एकत्र खरेदी आणि जत्रांचे वेळापत्रक ह्यांबाबत एकमेकांशी विचारविनिमय केला, तर दोघांचाही लाभ आहे. कोल्हापूरच्या गुळालाही २०१४ पासून असेच संरक्षण आहे. घाटावरचा शेतकरी आणि तळकोकणचा खाजेकार हे दोघे आज एकाच कायद्याच्या छत्राखाली उभे आहेत. त्यांच्यामध्ये जुनी घाटवाट पुन्हा, पण सहकाराच्या रूपाने, उघडता येईल.

पेडण्याला आता मोपाचा विमानतळ झाला आहे. जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने ये-जा करतात. गोवा पाहून परतणारा प्रवासी तेथे काजू घेतो, बिबिक घेतो. ज्या तालुक्यात त्याचे विमान उभे असते, त्याच तालुक्यातील जत्रेचे खाजे त्याच्या दृष्टीस पडेल अशी व्यवस्था करणे फार अवघड नाही. ओलावा न शिरणारे वेष्टन, त्यावर बनविणाऱ्याचे नाव, आणि अधिकृत नोंदीचा शिक्का एवढे झाले तर पावसाळ्याचे चार महिने थंड असणारी कढई पेटती राहू शकेल. तसे झाले तर खाजेकाराच्या मुलाला वडिलांचा धंदा पुढे चालविण्याचे एक तरी व्यावहारिक कारण मिळेल. कारण केवळ परंपरेच्या अभिमानावर रात्रीची जागरणे आणि तापल्या गुळाचे चटके कोणी पिढ्यान्‌पिढ्या सोसत नाही.

गिऱ्हाइकाकडेही थोडे काम आहे. जत्रेत मांडवापुढे उभे राहून भावात घासाघीस करताना, ह्या पुड्याच्या किमतीत घाटावरचा गूळ, मैदानाचे भाडे आणि सात-आठ महिन्यांत वर्षभराची मिळकत काढणाऱ्या एका घराची मजुरी समाविष्ट आहे, हे त्याने ध्यानात ठेवावे. येत्या कोजागरीला पेडण्याची पुनव भरेल, तेव्हा हंगामाचे पहिले मांडव तेथे उभे राहतील.